भिंतीपलीकडचा अर्धा गोल

टक.

एवढासाच आवाज. सैल झालेली दांडी आपल्या खाचेत हलली की होतो तेवढा. पण रविवारच्या दुपारी माडीवर अशी काही शांतता साचली होती, की धाकटीच्या हातातला उशीचा अभ्रा अर्धवटच राहिला. जिना चढून वर आलं की शेवटच्या पायरीवर माणसाचा हात आपोआप कठड्यावर जातो आणि कठड्याची तिसरी दांडी वाजते. लग्न होऊन या घरात आल्यापासून सात वर्षं ती हा आवाज ऐकत होती. संध्याकाळी आधी तो वाजायचा, मग लाकडाच्या भुशाचा वास यायचा, आणि त्या वासामागून नवरा यायचा.

त्याला जाऊन चौदा महिने झाले होते. कानांना मात्र ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, सगळे आलेत," दारातून मुंगी म्हणाली. "काकांनी कागद आणलाय. आत्या म्हणते, तुझी आई झोपल्याचं सोंग करत असेल तर तिला गुदगुल्या कर."

मुंगी पाच वर्षांची. साखरेचा डबा जिथे, तिथे ही. म्हणून बापाने ठेवलेलं नाव.

"मी सोंग करत नाहीये. अभ्रे घालतेय."

"चारही झालेत की," मुंगीने मोजून सांगितलं.

झाले होते खरे. एक तर तिने दोनदा काढून घातला होता. दोन उशा पुरत असताना चारही उशांचे अभ्रे ती दर रविवारी का बदलते, हे विचारण्याइतकी मुंगी अजून मोठी नव्हती, हे बरंच.

खाली जाण्याआधी ती सवयीने कठड्याशी थांबली. घरातली सगळ्यांत विचित्र वस्तू कुठली असेल तर ही. जिन्याचं तोंड चौकोनी आणि त्याभोवतीचा कठडा अर्धगोल. त्यामुळे कठड्याच्या आत जमिनीचे दोन वेडेवाकडे तुकडे उगाच उरलेले, त्यांत धूळ साचायची आणि झाडू काही पोचायचा नाही. शिवाय ठेंगणा. मोठ्या माणसाच्या जेमतेम मांडीला लागेल एवढा. मोठे दीर लहानपणी त्यावरून उलटे होऊन खाली पडता पडता वाचले होते. वरची पट्टी मात्र इतकी रुंद, की कप बशीसकट राहावा. आणि या सगळ्यावर जाडजूड हिरवा ऑइलपेंट. ज्या घरात दोन पिढ्या चर्चसाठी वेदी, वाचनपीठं, बाप्तिस्म्याची कुंडं घडवत आल्या, जिथे भिंतीवरच्या खुंटीलासुद्धा लाखेचं पॉलिश, तिथे ही एकच वस्तू रंगवलेली. दर दोन वर्षांनी सासरे, अण्णा, स्वतः रंगाचा डबा घेऊन बसायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. धाकटी पॉलिशच्या कामात तरबेज. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "अण्णा, मी खरवडून छान पॉलिश करून देते ना हा." अण्णा म्हणाले होते, "त्याला रंगच बरा," आणि विषय संपला होता.

ती खाली उतरली.

टेबलाभोवती सगळे आपापल्या जागी बसले होते. अण्णा खिडकीशी, नेहमीसारखे कानामागे पेन्सिल लावून. काम सोडून तीन वर्षं झाली तरी पेन्सिल सुटली नव्हती. सासूबाई त्यांच्या शेजारी, पाय स्टुलावर. समोर थोरला, म्हणजे मोठे दीर, आता कारखाना चालवणारे. त्याच्या बाजूला थोरली. आणि टोकाला नणंद, इस्पितळातून ड्यूटी संपवून सरळ आलेली, नर्सचा गणवेश अजून अंगावर. एक खुर्ची रिकामी होती. ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून धाकटी स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली.

"अगं, खुर्ची आहे ना," थोरला म्हणाला.

"मला इथेच बरं."

थोरलीने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि कागद सरकवला.

"चर्चच्या कमिटीचं पत्र आहे. तुला माहीत आहेच. प्रभुभोजनाचा कठडा काढायचा. वेदी भिंतीपासून सुटी करून पुढे आणायची, पायरी उखडून जमीन सपाट करायची. कठडा आपल्या घराने भेट दिलेला, म्हणून आपली संमती हवी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. आमच्या झाल्या. अण्णांची, आईची, हिची, माझी."

"माझी नाही झालेली," नणंद म्हणाली. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही. इस्पितळात शिकलेला धडा."

"मग वाच."

"वाचतेय. 'अनावश्यक अडथळा दूर करून.' दादा, हे तू लिहून दिलंस का त्यांना? अण्णांच्या हातच्या कामाला अडथळा म्हणायचं म्हणजे कमालच."

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी नाही लिहिलं. पण चूक काय आहे त्यात? मागच्या महिन्यात तो चाकाच्या खुर्चीतला मुलगा आला होता, त्याला पुढे नेता आलं नाही. आणि वेदी मधोमध आली की माणसं चारी बाजूंनी उभी राहतील. अर्धा गोल होता, तो पूर्ण होईल."

"त्यात गेलेल्यांना जागा कुठे?" धाकटी म्हणाली.

ती एवढं मोठ्याने बोलेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

ती कशाबद्दल बोलतेय हे त्या चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. कठडा एका भिंतीपासून निघून वेदीला वळसा घालत त्याच भिंतीला परत येऊन मिळायचा, अर्धा गोल. मुलांना तो दाखवून दरवर्षी सांगत: आपण इथे गुडघे टेकतो तो निम्मा गोल. उरलेला निम्मा भिंतीपलीकडे आहे. तिथे आपली गेलेली माणसं गुडघे टेकतात. भाकर एकच, प्याला एकच, टेबल एकच. भिंत तेवढी मध्ये. प्रभुभोजनाच्या वेळी तो गोल पूर्ण होतो.

लहानपणी धाकटीने ते ऐकलं आणि सोडून दिलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी मात्र, सगळं आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, तिचे पाय तिला आपोआप कठड्याच्या डाव्या टोकाला घेऊन गेले होते. अगदी शेवटची जागा. तिथे गुडघे टेकले की डावं कोपर भिंतीला लागायचं. दगडी भिंत; बारा महिने गार. आणि त्या गारव्याच्या पलीकडे, लाकडाची तीच पट्टी पुढे वळत गेलेली, आणि तिच्यावर टेकलेलं एक उजवं कोपर. बस्स. यापेक्षा जास्त तिने कधी काही कल्पिलं नव्हतं. त्याचा चेहरा नाही, आवाज नाही. भिंतीपलीकडे एक कोपर. आठवड्याचे सहा दिवस ती त्या एका कोपराच्या आधाराने काढायची.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अगं पण..."

"दादा, तुम्ही सांगाल ते सगळं मी केलंय. ते गेल्यावर त्यांचं काम तुम्ही दुसऱ्याला दिलंत, मी बोलले नाही. चर्चची कामं कमी करून ऑफिसांची टेबलं घेतलीत, त्यांनाही मीच पॉलिश करतेय. पण हे नाही."

"टेबलांवर घर चालतं," थोरला म्हणाला. "वेदी काय, शंभर वर्षांतून एकदा लागते."

"हो ना," नणंद म्हणाली. "तुमची ऑफिसातली टेबलं तर दर दोन वर्षांनी मोडतात. फायद्याचं काम."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच जन्मलेय, तुमच्या दोघांच्या. पडणार कुठे?" ती हसत म्हणाली, आणि मग 'तुमच्या दोघांच्या' हे शब्द तिलाच टोचले असावेत. तिने पेन टेबलावर ठेवलं. "मीही सही करत नाही. दोघी आम्ही."

थोरला मदतीसाठी बायकोकडे वळला. थोरली या घरातली तिखट जीभ. झाडू पोचत नाही म्हणून माडीवरच्या कठड्याला बारा वर्षं शिव्या देणारी, धाकटीच्या रांधण्यात मीठ शोधणारी. धाकटीने मनातल्या मनात अंग आवरून घेतलं.

"मी माझी सही खोडू शकते का?" थोरली म्हणाली.

"काय?"

"खोडू शकते का, एवढंच विचारतेय." ती नवऱ्याकडे न बघता टेबलावरचा एक डाग नखाने घासत होती. "दर रविवारी मी हिच्या मागे उभी राहते. आपली रांग पुढे सरकली, की हिच्या शेजारच्या जागेवर कुणी जायला लागलं तर मी त्याला कोपराने तिकडे वळवते. चौदा महिने. ते टायपिंगवाले काका माझ्यावर डूख धरून आहेत, त्यांना वाटतं मी त्यांना ढकलते. ढकलतेच. तिला थोडी मोकळी जागा लागते तिथे. आता तुम्ही मला सांगता की जागाच काढून टाकायची. मग सकाळीच का नाही सांगितलंत? मी सही करताना घाईत होते, कुकर लावायचा होता."

धाकटीने मान वर करून जावेकडे पाहिलं. एवढे दिवस तिला वाटत होतं, की शेजारची जागा आपोआप रिकामी राहते. तिला वाटत होतं लोक घाबरतात. दुःखाची लागण होते म्हणून लांब राहतात.

"ताई..." ती म्हणाली.

"ताई-बिई नको. तोंड पूस."

थोरल्याने दोन्ही हात वर केले. "वा! म्हणजे आता मी एकटाच राक्षस. आई, तू तरी सांग."

सासूबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. धाकटीला त्यांची काळजीच नव्हती. त्यांचाच तर मुलगा भिंतीपलीकडे होता. त्यांनी सही केली ती थोरल्याने पुढे केली म्हणून, असंच तिने धरलं होतं.

"मी कुणाच्या सांगण्यावरून सही नाही केली," सासूबाई म्हणाल्या. "पहिली सही माझी आहे. बघा कागद. सगळ्यांत वर."

होती खरी. थरथरत्या अक्षरांत, सगळ्यांत वर.

"दोन वर्षं झाली माझे गुडघे जाऊन."

"आईचे गुडघे म्हणजे आमच्या वॉर्डातल्या खाटा," नणंद हळूच म्हणाली, "हलल्या की कुरकुर..."

"थट्टा नको गं आता." आवाज चढला नव्हता, तरी नणंद गप्प झाली. "तुम्ही सगळे उठून पुढे जाता. रांगा जातात, बाकं रिकामी होतात. आख्ख्या बाकावर मी एकटी. समोर तुमच्या सगळ्यांच्या पाठी. तुम्ही गुडघे टेकता, डोकी खाली जातात, आणि मला वेदीसुद्धा दिसत नाही, तुमचे तळपाय दिसतात. मग सगळ्यांचं झाल्यावर पाळक भाकर घेऊन खाली माझ्यापाशी येतात. चांगले आहेत ते, कधी विसरत नाहीत. पण ते येईपर्यंत तुम्ही परत येऊन बसलेले असता. पुसून, आवरून. माझं प्रभुभोजन सगळ्यांचं संपल्यावर." त्यांनी स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "माझा मुलगा पलीकडच्या गोलात आहे ना? मग मी कुठल्या गोलात आहे? अलीकडच्यात नाही, पलीकडच्यात अजून नाही. तो कठडा कुणाला टेकायला असेल. माझ्या वाटेत तो आडवा आहे."

नणंदेने एकदा आईकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं, आणि टेबलावर ठेवलेलं पेन हळूच उचललं. वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या बाईने या वेळी उरलेलं न वाचताच सही केली. धाकटीला तिचा राग आला नाही. मघाशी 'दोघी आम्ही' म्हणून आलेली ऊब मात्र निघून गेली, थंडीत अंगावरची शाल कुणीतरी काढून घ्यावी तशी.

धाकटीला आठवत होते ते रविवार. परत येऊन बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसायची ती. डोळे मिटून, ते भिंतीपलीकडचं कोपर अंगात मुरवत. पाळक सासूबाईंकडे आले की मांडी सरकवून त्यांना वाट द्यायची. पन्नास-साठ वेळा तरी दिली असेल. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं तिला एकदाही आठवेना.

"वन्सं, पेन द्या," ती म्हणाली.

थोरलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. धाकटीने मान हलवली. कागद ओढून घेतला. पेन टेकवणार, तेवढ्यात अण्णांचा हात कागदावर आला. सुताराचा हात, अंगठ्याचं नख पटाशीने कधीचंच गेलेलं.

"थांब, पोरी."

"अण्णा, मी मनापासून करतेय."

"ते दिसतंय मला. म्हणून तर थांब म्हणतोय. तुला वाटतंय, तू त्याची जागा सोडून देतेयस. एवढं मोठं काही तू देणार, आणि मी खिडकीतून गंमत बघत बसणार, हे मला जमायचं नाही." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत लावली. "तो निम्मा गोल... म्हणजे ते भिंतीपलीकडचं... ती माझी चूक आहे."

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"म्हणजे चूक. कामातली. बावीस वर्षांचा होतो. पहिलंच स्वतःचं काम. तेव्हाच्या पाळकांनी कागदावर आकृती काढून पाठवली. एक अर्धा गोल कठड्याचा. खाली दुसरा अर्धा गोल, उलटा काढलेला, तो गुडघे टेकायच्या पायरीचा. मला वाटलं दोन्ही मिळून एक. जाऊन जागा बघायची पद्धत असते, मी गेलो नाही. मला वाटलं आपण हुशार."

"अण्णा," नणंद हळूच म्हणाली, "तुम्ही पूर्ण गोल केलात?"

"पूर्ण. चौदा तुकडे. चार महिने खपलो. गाडीवर लादून चर्चच्या दारात घेऊन गेलो, आत जाऊन बघतो तर वेदी भिंतीला लागून. गोल मावणार कुठे? सात तुकडे आत लागले, सात दारात पडून. कमिटीची माणसं बघायला आली. त्यात लाकूड देणारे होते, माझे वडील होते. सगळ्यांनी विचारलं, हे एवढं कशाला केलं? रडायचाच राहिलो होतो. पाळक म्हातारे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, 'मीच सांगितलं होतं पूर्ण करायला. उरलेला निम्मा पलीकडच्यांचा.' दुसऱ्या रविवारी त्यावर उपदेशच दिला. माणसं ढसाढसा रडली. माझ्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, की तुझ्या हातून देवाने काय करून घेतलं. त्यानंतर मला कामाला तोटा नव्हता. मी कुणालाच बोललो नाही. पाळकही बोलले नाहीत. ते गेले."

थोरला उभाच राहिला. "पन्नास वर्षं? आम्हाला लहानपणापासून शिकवलंत तुम्ही! हे असं का, ते तसं का. बाप्तिस्म्याच्या कुंडाला आठ बाजू, कारण सात दिवस सृष्टीचे आणि आठवा पुनरुत्थानाचा..."

"ते खरं आहे. ते जुनं आहे, माझ्या आधीचं."

"वाचनपीठ बुटकं, कारण वचन वाचणाऱ्याचं डोकं झुकलं पाहिजे..."

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याला लाकूड कमी पडलं होतं."

पहिल्यांदा नणंदेला हसू फुटलं. तिने गणवेशाची बाही तोंडात धरली, तरी ते आवरेना. मग थोरली हसली. मग थोरला 'हसायचं काय त्यात' म्हणता म्हणता खुर्चीत बसला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला. किती दिवसांनी या टेबलाशी एवढे आवाज झाले. धाकटीही हसली. तोंडाने हसली. आतमध्ये मात्र दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे आता काहीच नव्हतं. चर्चचं मागचं अंगण. झाडू, बादल्या, पाण्याची टाकी. तिथे ती कितीदा तरी गेली होती.

"आई, तुला हे माहीत होतं?" नणंदेने डोळे पुसत विचारलं.

"मला न माहीत असायला काय झालं," सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालतेय."

"कशावर?"

सासूबाईंनी नुसतं वर बघितलं.

मग एकेक करून सगळ्यांनीच वर बघितलं. जिन्याच्या तोंडाशी हिरवा, ठेंगणा, अर्धगोल कठडा. दोन दांड्यांमधून बाहेर काढलेले दोन छोटे पाय. मुंगी केव्हाची तिथे बसून ऐकत होती.

"सहा तुकडे तिथे लागले," अण्णा म्हणाले. "सातव्याचा पाळणा केला. तुम्ही तिघं त्यात झोपलात. ही मुंगीही."

"म्हणून ठेंगणा," थोरला पुटपुटला. "मी पडलो असतो त्यावरून."

"गुडघे टेकलेल्या माणसाच्या मापाचा आहे तो. उभ्या माणसाला ठेंगणाच होणार."

"म्हणून रंग," धाकटी म्हणाली.

"म्हणून रंग. लाकूड ओळखू आलं असतं. तुला तर पहिल्याच दिवशी." अण्णांनी कागदावरचा हात काढला. "आता हवं तर कर सही. नको असेल तर नको करू. मी कुणाला काही म्हणणार नाही."

धाकटीने सही केली. सासूबाईंच्या सहीपासून लांब, सगळ्यांत खाली. वरच्या ओळींत जागा उरली नव्हती. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात चांगलाच जड होता आणि बराच वेळ तिथे होता. तरीही धाकटीला वाटलं, आपण दोघी दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलोय.

बाकीचे तिघं चहा घेऊन निघाले. जाताना थोरली दारात घुटमळली, "रविवारी मी तुझ्या शेजारी उभी राहीन, कठडा असो नसो," एवढं म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्याला त्याच्या विसरलेल्या चष्म्यावरून बोलायला लागली. अण्णा खुर्चीतच पेंगले. सासूबाई भांड्यांशी बोलत राहिल्या.

धाकटी मागच्या कारखान्यात गेली. रविवारचा कारखाना, यंत्रं थंड, भुसा जमिनीवर बसलेला, नवऱ्याच्या बाकावर दुसऱ्या कुणाचं तरी अर्धवट टेबल. तिने आपल्या कपाटातून खरवडायची पाती काढली, दोन पॉलिश पेपर, एक मऊ चिंधी. जिना चढली. शेवटच्या पायरीवर हात कठड्यावर गेला.

टक.

ती तिथेच खाली बसली, बाहेरच्या बाजूने, आणि तिसऱ्या दांडीच्या वरच्या पट्टीवर पाती चालवायला लागली. हिरवा निघाला, त्याखाली आणखी एक हिरवा, जरा गडद, त्याखाली निळसर. वर्षांमागून वर्षं वेटोळी होऊन तिच्या मांडीवर पडत होती. मग लाकूड लागलं. तांबूस, घट्ट रेषांचं. तिने थुंकी लावून बोट फिरवलं तसा रंग वर आला, आणि तिला कसलीच शंका उरली नाही. हीच पट्टी. चर्चमधल्या पट्टीवर कोपरांनी घासून घासून जशी किंचित खोलगट जागा झालेली, तशी मात्र इथे नव्हती. इथे कुणी कधी कोपर टेकलंच नव्हतं. एका कडेला, रंगाखाली, पेन्सिलची एक बारीक खूण होती आणि आकडा: आठ. चौदातला आठवा. चर्चमधला शेवटचा तुकडा सातवा, भिंतीला लागलेला. तिच्या डाव्या कोपराचा.

म्हणजे तिचा तुकडा भिंतीशी जिथे संपत होता, तिथून पुढचा हा. कुठल्या पलीकडच्या जागी नाही. त्याच्याच घरात. रोज संध्याकाळी घरी येताना त्याने न बघता ज्यावर हात ठेवला तो. जिवंत असताना.

याचा काय अर्थ लावायचा ते तिला कळेना. म्हाताऱ्या पाळकांना कळला असता; त्यांनी एका घाबरलेल्या पोराकडे बघून दोन मिनिटांत लावला होता. तिला फक्त पट्टी गुळगुळीत करता येत होती. ती ती करत राहिली.

"मी पण," मुंगी शेजारी येऊन म्हणाली.

तिने तिला पेपरचा लहान तुकडा दिला. मुंगीने दोनदा घासलं, कंटाळली आणि गुडघ्यांवर बसली. कठडा तिच्या बरोबर मापाचा होता. दोन्ही कोपरं खरवडलेल्या लाकडावर टेकली, समोर बघितलं. कठड्याच्या आत जिन्याचं रिकामं तोंड, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या.

"आई, आजोबा म्हणाले, हा त्या लोकांचा निम्मा ना? बाबांचा?"

"चुकून झालेला आहे गं तो."

"पण हाच ना?"

"हो. हाच."

मुंगी विचारात पडली. चर्चमध्ये लहान मुलांना भाकर मिळत नसे, पाळक फक्त डोक्यावर हात ठेवत. आणि त्यावरून ती दर रविवारी रुसायची. आता तिने मोठी माणसं करतात तशी ओंजळ केली, उजवा हात डाव्यावर, आणि कठड्यावरून आत, जिन्याच्या पोकळीवर पुढे धरली. वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग ओंजळ तशीच धरून तिने आईकडे मान वळवली.

"आई, तिकडे पाळक देतात. इकडच्यांना भाकर कोण देतं?"